बाप्याच्या पोटातली अंडी

मासा उघडला की मजीदचाचा एकच शब्द बोलायचे. मादी असली तर "बाई", नर असला तर "बाप्या". गिऱ्हाइकाला त्याचं काही घेणंदेणं नसायचं. त्याला तुकडे हवे असायचे, डोकं वेगळं हवं असायचं, घाई असायची. चाचा मात्र पोटावर सुरी फिरवायचे, अंगठ्याने आतलं बाजूला सारायचे, क्षणभर निरखायचे आणि तो शब्द उच्चारूनच पुढे जायचे, हजेरी घेतल्यासारखे. हे कशासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मॅडम, त्याचा जीव घेतला आपण. थो कोन होता एवढं तं पाहाव ना मानसानं."

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाजारात कोपऱ्यावर त्यांचा ओटा होता. चाळीस वर्षं त्याच ओट्यावर त्यांनी मासे कापले. अंगाने बारीक, आवाजही बारीक. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिथे दोरा बांधून तो कानामागे अडकवलेला. उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं, कायमचं पिवळं पडलेलं. पोटातलं रक्त खरवडायला ते सुरीपेक्षा बरं, असं त्यांचं म्हणणं. काम संपलं की बेसन लावून हात धुवायचे आणि दोन्ही हात नाकाशी नेऊन हुंगायचे. वास गेला अशी खात्री पटल्याशिवाय कोणाच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचे नाहीत. मोबाईलवर बोलणाऱ्याला मासा कापून द्यायचे नाहीत. सुरी हवेत तशीच धरून थांबायचे. "पह्यले थे बोलनं आटपा. मंग मासा घ्या. इथं एक जन मरून पडला हाये."

मी मेडशीची. मालेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला लागले, त्या पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिकासाठी रोहू आणायला त्यांच्या ओट्यावर गेले होते.

"कापाले पाह्यजे का खायाले?"

"शिकवायला."

त्यांनी टोपलीत हात घालून बराच वेळ मासे चाचपले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या टॉवेलात गुंडाळलेले मासे घेऊन स्वतःच प्रयोगशाळेत आले. आमची कात्री हातात घेऊन पाहिली आणि "हे शिंप्याची हाये" म्हणून खाली ठेवली. मग खिशातून आपली छोटी सुरी काढून मुलामुलींसमोर मासा असा उघडला की आतलं एकही पटल फाटलं नाही. मला तसं आजही जमत नाही. त्या दिवशी मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून माशाचं खवलं दाखवलं. त्यावरची वर्तुळं पाहून ते एकदम मागे सरकले. "झाडाच्या बुंध्यात असतात तसेच हायेत हो!" तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी पळसाच्या पानात काहीबाही गुंडाळून ते दारात उभे राहायचे. "मॅडम, हे जरा दुर्बिनीत टाका."

एक गोष्ट मात्र ते कधी विकत नसत. मादीच्या पोटातून निघालेली अंडी. ती ते वेगळ्या वाटीत काढून ठेवायचे आणि ओळखीच्या बाईला हळूच विचारायचे, "घरी कोनी पोटुशी हाये का?" असली तर अंड्यांची पुडी तिच्यासाठी. गावातल्या कितीतरी बायकांचे दिवस राहिल्याचं सासूच्याही आधी चाचांना कळायचं, असं बायका हसून सांगायच्या. हळद-तिखट लावून परतलेली ती अंडी खाल्ली की बाळाची हाडं मजबूत होतात, यावर त्यांचा भरवसा होता. माझ्या लेकीच्या, ऋतूच्या वेळी मला सातवा महिना लागला, तेव्हापासून दर बाजाराला पुडी घरी यायची. माझी आई नाक मुरडायची आणि तरी करून घालायची.

चाचांना एकच मुलगी, नसरीन. जऊळक्याला दिलेली. लग्नाला नऊ वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. या विषयावर चाचा बोलत नसत. फक्त अंड्यांची पुडी बांधताना कधीकधी त्यांची बोटं थांबायची.

मग एका उन्हाळ्यात नसरीनला दिवस गेले. चाचा ओट्यावर गुणगुणायला लागले. दर आठ दिवसांनी अंडी डब्यात घालून, पहिली गाडी पकडून, ते जऊळक्याला जायचे आणि दुपारच्या आत परत यायचे.

त्याच वर्षीच्या आषाढातली गोष्ट. मी ओट्यासमोर उभी होते. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाने मरळ मागितली होती. चाचांनी ती उघडली आणि म्हणाले, "बाप्या."

अंगठा आत तसाच होता. त्यांनी मान खाली घातली, चष्मा सरळ केला, पुन्हा पाहिलं.

"काय झालं चाचा?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"काई नाई. हे नोको घेऊ. तुले दुसरी देतो."

दुपारी ते प्रयोगशाळेत आले. पळसाचं पान उघडलं. नर मरळीच्या पोटात दोन पांढरट पट्ट्या असतात, त्यात त्याचं बीज असतं. त्या पट्ट्या त्यांनी अलगद काढून आणल्या होत्या. एका पट्टीवर, नीट पाहिलं तरच दिसतील असे, पिवळसर कण होते. मी छोटा तुकडा काचेवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दिसलं त्यावर विश्वास बसेना म्हणून दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. नराच्या बीजाच्या पेशींमध्ये गोल, भरीव, स्वच्छ कडांची अंडी बसली होती.

चाचांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"हे अंडे हायेत ना?"

"हो."

"बाप्याच्या पोटात?"

"चाचा, निसर्गात कधीकधी असं एखादं निघतं…"

"चाळीस वर्सात मले नाई निंगालं." ते दारापर्यंत गेले आणि तिथूनच वळून म्हणाले, "मॅडम, मले बरं वाटाव म्हून तं बोलून नाई राह्यल्या ना तुमी?"

मी तसंच बोलत होते.

पुढच्या बाजाराला आणखी एक निघाली. त्याच्या पुढच्याला दोन. माद्यांचं वेगळंच होतं. ज्या दिवसांत त्यांची पोटं अंड्यांनी फुगून ताणलेली असायची, त्या दिवसांत आत काळपट, सुकलेला गोळा निघायला लागला. अंडी तयार होऊन पिकायच्या आधीच जिरत होती. चाचा प्रत्येक वेळी सगळं घेऊन यायचे आणि मी ते औषधाच्या पाण्यात घालून बरण्यांत ठेवायचे. कपाटाच्या वरच्या फळीवर बरण्यांची रांग वाढत गेली. मुलं विचारायची, मॅडम, यांत काय आहे? मी म्हणायचे, पुढच्या धड्यात येईल.

या सगळ्या मरळी एकाच तलावातल्या होत्या. दुसरीकडून आलेल्या माशांत असं काही निघत नव्हतं. त्या तलावाचं नाव मी इथे लिहीत नाही. खालच्या दोन वस्त्यांच्या नळाला त्याचंच पाणी येतं, आजही येतं, आणि त्या लोकांना प्यायला दुसरं पाणी मी देऊ शकत नाही.

असं का होतं, ते चाचांना सांगायला मला एक अख्खी दुपार लागली. मी म्हटलं, नराने नर व्हायचं, मादीने अंडी धरायची, कधी धरायची, हे अंगाला सांगणारी द्रव्यं रक्तातून फिरत असतात. त्यांना हार्मोन म्हणतात. ती इतकी थोडी असतात की मोजताही येत नाहीत सहजी. शेतातल्या काही औषधांचा अंश पाण्यात उतरला की तो अंगात शिरून तसाच वागतो, हार्मोन असल्यासारखा. नराला चुकीचा निरोप मिळतो, मादीला निरोप मिळतच नाही.

"मासा मरत नाई त्याच्यानं?"

"नाही. जगतो, वाढतो, पोहतो."

"अन् लेकरू व्हत नाई."

मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, की असं असेल तर जाळं भरून मासे कसे येतात? उत्तर त्यांचं त्यांनाच सुचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. रोहू आणि कटला त्या तलावात जन्मतच नव्हते. त्यांचं बोटभर बीज, म्हणजे बारकी पिल्लं, दरवर्षी बाहेरून आणून सोडलं जायचं. ते वाढायचे, पकडले जायचे, बाजारात यायचे. तलाव भरलेला दिसायचा. तिथेच जन्मून तिथेच वाढायची ती मरळ आणि बारीकसारीक मासळी, आणि तिच्याकडे चाचांशिवाय कोणाचं लक्ष नव्हतं.

त्या तलावावर मासेमारी करणारा नामदेव भोई चाचांचा जुना माणूस. एका रविवारी सकाळी चाचा मला घेऊन त्याच्याकडे गेले. मरळीचं घर पाहायचं होतं. मरळ काठालगतच्या गवतात गोल जागा साफ करते, अंडी तिथे पाण्यावर तरंगतात आणि नर-मादी दोघं राखण बसतात. पिल्लं निघाली की त्यांचा लालसर थवा पाण्यावर फिरतो आणि आईबाप त्याच्याखालून चालत असतात. लहानपणी मी तो पुष्कळदा पाहिला होता. कोणी जवळ गेलं तर मरळ पायाला धडक द्यायची.

गुडघाभर पाण्यातून जाऊन नामदेवने लव्हाळ्यातली एक गोल जागा दाखवली. त्याने काठी पुढे केली तर पाण्यातून एक काळं अंग उसळलं आणि काठीवर आदळलं. तिने पुन्हा धडक दिली.

"राखन करून राह्यली पाहा," नामदेव म्हणाला. "तीन हप्ते झाले. आतापर्यंत पिल्लं निंगून पसार व्हाले पाह्यजे व्हते."

मी वाकून पाहिलं. गवताला लागून थोडी अंडी होती. ती पांढरी झाली होती, त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढली होती. बाकी जागा मोकळी होती. आणि ती मरळ त्या मोकळ्या जागेभोवती फिरत होती. सकाळचे नऊ वाजले होते, लख्ख ऊन होतं.

पलीकडच्या काठावर कोणीतरी फवारणीचा पंप धूत होतं. टाकी पाण्यात बुडवायची, खळखळवायची, ओतायची. पांढरा फेस काठाकाठाने आमच्याकडे सरकत होता. त्या माणसाने हात वर केला.

"जय भीम चाचा! भेटले का मासे?"

तो माझा सख्खा भाऊ होता, सुधाकर. आमचं शेत त्या काठाला लागूनच आहे. मला पाहून तो हसला, "तू कायले आली वं चिखलात?"

चाचाच पुढे झाले. आवाज चढवला नाही. "सुधाकरभाऊ, हे धुनं घरी नाई का करता येत?"

"घरी?" सुधाकरला प्रश्नच कळला नाही. "घरी लेकरं खेळतात ना चाचा आंगनात. जहर हाये थे."

परतताना चाचा वाटेत थांबले. बाभळीला हात लावून उभे राहिले. मला वाटलं दम लागला.

"मॅडम, मी दर आठ दिवसानं अंडे नेऊन देल्ले नसरीनले. माह्या हातानं. पह्यल्या महिन्यापासून."

मला ते माहीत होतं. गेले काही दिवस मी तोच विचार करत होते, आणि त्याच्या मागून येणारा दुसरा विचार थोपवून धरत होते. बारा वर्षांपूर्वी दर बाजाराला ज्या पुड्या माझ्या घरी आल्या, त्याही याच तलावातल्या असणार. तेव्हा पाणी कसं होतं? कोण सांगणार? त्या संध्याकाळी ऋतूची वेणी घालताना माझा हात मध्येच थांबला. तिने विचारलं, "काय गं आई?" मी म्हटलं, गुंता आहे.

"काय व्हईन तिच्या लेकराले?" बाभळीखाली चाचा विचारत होते.

"मला माहीत नाही चाचा."

"हो का नाई, एक सांगा."

"खरंच माहीत नाही. काहीच होणार नाही कदाचित. कोणालाच सांगता येणार नाही."

माझ्या आयुष्यात मी दिलेल्या उत्तरांपैकी सगळ्यात खरं उत्तर ते होतं आणि त्या माणसाला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. वाईट बातमी असती तर ती त्यांनी छातीवर घेतली असती. ही टांगलेली भीती त्यांना कुठे ठेवावी कळेना. दुसऱ्या दिवशी ते जऊळक्याला गेले, नसरीनच्या स्वयंपाकघरातला अंड्यांचा डबा उचलला आणि मागच्या खड्ड्यात उपडा केला. का, ते तिला सांगितलं नाही. नसरीन हसून म्हणाली होती, अब्बूंना म्हातारपण आलं.

चाचांनी त्या तलावाचा मासा ठेवणं बंद केलं. विचारणाऱ्याला कारण सांगू लागले. पट्टीची एक बरणी माझ्याकडून मागून नेली आणि ओट्यावर ठेवली. आठवड्याभरात मालेगावातले लोक कुठलाच मासा घेईनात.

पुढच्या बाजाराच्या दिवशी नामदेव आला. मी तिथेच होते. त्याने आधी बरणीकडे पाहिलं, मग चाचांकडे.

"चाचा, तुमी मले आपला म्हनत व्हते. आता आमी कुटी जावं? पान्यात जहर आमी टाकलं का?"

"नाई रे बाबा."

"मंग आमच्याच पोटावर कायले उठले?"

लोक जमले. त्यांतून एक म्हातारी पुढे आली. तिला मी ओळखत नव्हते, पण चाचा ओळखत होते, कारण त्यांनी लगेच सुरी खाली ठेवली.

"मजीदभाऊ, माह्या सुनेले अंडे तुमीच देल्ले व्हते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त भयंकर होतं. "तिचं दोनदा खाली झालं. थे त्याच्यानंच का?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली होते, मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलेलं होतं, मी बोलायला हवं होतं. तसं ठामपणे म्हणता येत नाही, बायकांची पोटं शंभर कारणांनी पडतात, माशाचं ते सगळं माणसाला लागू होतंच असं नाही, एवढं तरी. मी पायांतल्या चपलांकडे पाहत राहिले. चाचाच बोलले.

"मले नाई माहीत माय. मले माहीत असतं तं म्या देल्लंच नसतं."

ती म्हातारी निघून गेली. चाचांनी त्या दिवशी दुपारीच ओटा धुतला. हात धुतले. हात हुंगले, पुन्हा बेसन मागितलं, पुन्हा धुतले. मी निघाले तेव्हा ते तिसऱ्यांदा हात धूत होते.

मी तलावाचं पाणी बाटलीत भरून शहरातल्या एका प्रयोगशाळेत दिलं होतं. पुष्कळ दिवसांनी कागद आला. पिण्यास योग्य. मी फोन केला तेव्हा तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, क्षार किती, जंतू आहेत का, तेवढं आम्ही पाहतो. तुम्ही म्हणता ती औषधं शोधायची सोय आमच्याकडे नाही." मी तो कागद चाचांना वाचून दाखवला.

"म्हंजे त्यायनं थे पाह्यलंच नाई."

"नाही."

"मंग योग्य हाये म्हून कसं काय लिवलं?"

त्यानंतरची दोन वर्षं, फवारणीच्या महिन्यांत, चाचा सकाळी तलावावर जाऊन बसायचे. नामदेवशी त्यांचं पुन्हा जुळलं होतं. त्याच्याही घरात लहान लेकरं होती. दोघांनी मिळून काठापासून दूर, उंचावर, एक जुना ड्रम नेऊन ठेवला आणि पंप धुवायला येणाऱ्याला ते तिकडे पाठवायचे. कोणी ऐकायचं, कोणी चिडायचं. "तुमी मास्तर हा का आमचे?" असं एका पोरसवदा माणसाने त्यांच्या तोंडावर विचारलं. माझ्या भावाने मात्र तलावात पंप धुणं सोडलं. मी त्याच्याशी भांडले नव्हते. त्याला एकदा प्रयोगशाळेत नेऊन काचेला डोळा लावायला सांगितलं होतं, तेवढंच. फवारणी काही कोणी सोडली नाही, तोही नाही. आणि पाऊस पडला की शेताशेतातलं पाणी वाहत तलावातच उतरत होतं. काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने ते कसं अडवायचं? चाचांना ते कळत होतं. एका पावसात मी त्यांना तिथे पाहिलं. छत्री मिटलेली, आणि सुधाकरच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून उतरणाऱ्या गढूळ ओघळाकडे ते टक लावून पाहत होते.

मधल्या काळात नसरीन बाळंत झाली होती. वाशीमच्या दवाखान्यात. मी भेटायला गेले तेव्हा व्हरांड्यात नातेवाईक एकमेकांना पेढे भरवत होते. मुलगी झाली होती, वजन चांगलं होतं, रडणं खणखणीत होतं. चाचा भिंतीला टेकून लांब उभे होते. नर्स बाळाला घेऊन बाहेर आली तसे ते पुढे झाले, पण हात पुढे केले नाहीत.

"पोरगीच हाये ना?" त्यांनी विचारलं. "पक्की?"

"अहो आजोबा, पक्की म्हणजे काय!" नर्स हसली. सगळेच हसले. नऊ वर्षांनी झालेल्या नातीमुळे म्हातारा भांबावला, असं त्यांना वाटलं. मला हसता आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत तेच होतं, जे पहिल्या दिवशी काचेतून डोळा वर काढताना होतं.

ओटा त्यांनी पुन्हा पूर्ण उघडलाच नाही. बाहेरचे मासे आणून थोडे दिवस विकले. ते कापताना "बाई", "बाप्या" म्हणणंही सोडलं. मासा उघडायचे, नजर दुसरीकडे ठेवून आतलं काढून टाकायचे. बीवी आधीच गेलेली, हाताला कंप सुटलेला, म्हणून नसरीन त्यांना जऊळक्याला घेऊन गेली. तिथेच ते मागच्या हिवाळ्यात गेले. झोपेत गेले, असं तिने फोनवर सांगितलं.

त्याच्या दोनेक महिने आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. जऊळक्याला एका लग्नाला गेले होते, परतताना नसरीनचं घर विचारत पोचले. दुपार होती. अंगणात बाजेवर चाचा बसले होते, पाय खाली सोडलेले. समोर प्लॅस्टिकच्या टबात त्यांची नात, आलिया, आंघोळ करत होती. आंघोळ कसली, पाणी उडवणं चाललं होतं. गुबगुबीत, दात नुकते सगळे आलेले, प्रत्येक थपडेला स्वतःच खदाखदा हसणारी पोर.

मला पाहून चाचा थोडे सरकले. मी शेजारी बसले. तब्येतीचं बोलणं झालं, नामदेवचं झालं. मग आत नसरीन चहाला गेल्याची त्यांनी मान वळवून खात्री केली आणि माझ्याकडे वाकले.

"मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या हा. पाहा ना जरा तिच्याकडे. समदं बराबर हाये ना?"

मी पाहिलं. खरंच नीट पाहिलं, जशी इतकी वर्षं मी माझ्या मुलीकडे पाहत आले होते.

"अगदी छान आहे चाचा. काही म्हणजे काही नाही. किती गोड आहे पाहा."

त्यांनी मान डोलावली.

"मासाबी वरून बराबरच दिसे," ते म्हणाले.

नसरीन चहा घेऊन आली. "क्या बातां चल रै?" तिने विचारलं. "कुछ नै," चाचा म्हणाले. आम्ही चहा प्यायलो. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले. फाटकाशी वळून पाहिलं तेव्हा आलियाने दोन्ही हातांनी पाणी उचलून आजोबांवर फेकलं होतं, आणि चाचांनी पाय वर घेतले होते. बाजेवर पाय पोटाशी धरून ते बसले होते, ती हसत होती, आणि खालच्या फरशीवरून ओघळ बाजेच्या खुरांपर्यंत येत होता.